ओळीने लिहिले, म्हणून ओळीनेच घडते का?

हिंगोलीहून वाशिमकडे जाणाऱ्या रस्त्यावर कनेरगाव नाका हे गाव लागते. मराठवाडा संपून विदर्भ सुरू होतो तो याच भागात. हिंगोली जिल्हा हळदीसाठी प्रसिद्ध आहे. हिंगोली आणि वसमत येथील बाजारांत हळदीचे मोठे व्यवहार होतात. शेतातून कंद निघाले की ते शिजवतात, मग उन्हात वाळवतात आणि शेवटी ढोलात घालून घासतात, म्हणजे त्यांना तकाकी येते. या तीन कामांचा क्रम बदलून चालेल काय? मुळीच नाही. ओली हळद ढोलात घातली, तर तकाकी येण्याऐवजी तिचा चुराडा होईल.

आता दुसरा प्रश्न. गावात दहा जणांची हळद शिजायची आहे. कोणाची कढई आधी चढली आणि कोणाची नंतर, याने हळदीच्या रंगात काही फरक पडेल काय? तोही नाही. दहा चुली असतील तर दहाही कढया एकाच वेळी चढवता येतील.

म्हणजे क्रम दोन प्रकारचे असतात. एक गरजेचा क्रम. मागच्या कामाचे फळ पुढच्या कामाला लागते, म्हणून तो पाळावाच लागतो. दुसरा सवयीचा क्रम. आपण एका वेळी एकच काम करू शकतो, म्हणून काहीतरी आधी आणि काहीतरी नंतर करतो, एवढेच. हे दोन क्रम वेगळे ओळखता आले, तर संगणकाच्या एका मोठ्या चमत्कारिक वाटणाऱ्या भाषेचे कोडे उलगडते. ते कसे, हे या लेखात पाहू.

डबा आणि त्यातली संख्या

शाळेत तुम्ही संगणकाची जी भाषा शिकता, तीत आज्ञा एकाखाली एक लिहिलेल्या असतात आणि संगणक त्या वरून खाली पाळत जातो. त्यात चल असतात. चल म्हणजे जणू नाव चिकटवलेला डबा. त्यात संख्या ठेवावी, काढावी, पुसून दुसरी ठेवावी. बेरीज करायची असेल, तर आपण ‘बेरीज’ नावाच्या डब्यात प्रथम शून्य ठेवतो. मग प्रत्येक संख्येपाशी ‘बेरीज बरोबर बेरीज अधिक ही संख्या’ अशी आज्ञा देतो.

हे वाक्य तुमच्या गणिताच्या शिक्षकांना दाखवून पाहा. ‘क्ष बरोबर क्ष अधिक १’ असे समीकरण असेल तर ते कोणत्याही क्षसाठी खरे नाही, असे ते सांगतील. आणि त्यांचे बरोबरच आहे! संगणकाच्या भाषेत ते समीकरण नसून आज्ञा असते: ‘डब्यातली जुनी संख्या काढ, तीत एक मिळव, आणि परत ठेव.’ या आज्ञेला अर्थ येतो तो काळामुळे. ती कधी पाळली, कितव्यांदा पाळली, यावर डब्यात काय आहे ते ठरते. एक आज्ञा वर-खाली झाली की उत्तर बदलते.

पहिल्या पिढीतील संगणकांची रचनाच अशी होती, आणि त्यांच्यासाठी घडलेल्या भाषांनी तीच रीत उचलली. जॉन बॅकस या शास्त्रज्ञाच्या नेतृत्वाखाली १९५७ साली फोरट्रान ही भाषा तयार झाली. तिच्यातही डबे भरणे आणि पुसणे हाच कारभार होता. गंमत अशी की, १९७७ साली ट्युरिंग पारितोषिक स्वीकारताना दिलेल्या व्याख्यानात याच बॅकसने या रीतीवर कडक टीका केली. एका वेळी एक संख्या डब्यातून काढायची आणि परत ठेवायची, या सवयीने आपली विचार करण्याची पद्धतच अरुंद झाली आहे, असे त्याचे म्हणणे होते. त्याने पुरस्कार केला तो फलनांवर आधारलेल्या भाषांचा. फलन म्हणजे तुम्ही गणितात शिकता तेच: आत एक किंमत घाला, बाहेर दुसरी मिळेल, आणि तीच किंमत पुन्हा घातली, तर तेच उत्तर पुन्हा मिळेल, मग वेळ कोणतीही असो.

कागदाचे रूप पालटणारी भाषा

अशाच जातीची एक भाषा म्हणजे एक्सएसएलटी. तिची पहिली आवृत्ती १६ नोव्हेंबर १९९९ रोजी वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या संस्थेने प्रमाण म्हणून जाहीर केली. त्याच वर्षी १ मे रोजी परभणीतून वेगळा होऊन आपला हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला होता. साल लक्षात ठेवायला एवढा धागा पुरे! पहिल्या आवृत्तीचे संपादक होते जेम्स क्लार्क. पुढच्या दोन आवृत्त्या २००७ आणि २०१७ साली आल्या. त्यांचे संपादन मायकेल के यांनी केले.

या भाषेचे काम काय? एका रूपातील माहिती घेऊन ती दुसऱ्या रूपात मांडायची. माहिती ‘एक्सएमएल’ नावाच्या पद्धतीने लिहिलेली असते. ही पद्धत १९९८ साली प्रमाण झाली. तीत प्रत्येक गोष्टीला नावाची खूण करतात, आणि या खुणांची नावे देवनागरीतही लिहिता येतात, बरे का! समजा, बाजारातील एका दिवसाची नोंद आहे. ‘बाजार’ या खुणेच्या पोटात अनेक ‘ढीग’, आणि प्रत्येक ‘ढीग’च्या पोटात ‘वजन’, ‘भाव’ आणि ‘रक्कम’. कागदावर रेखाटले तर एक उलटे झाड दिसेल: मूळ वर, फांद्या खाली, आणि फांद्यांच्या टोकांना संख्या.

या झाडापासून आपल्याला कोणासाठी आडत्याच्या पट्टीसारखा हिशेब हवा असेल, कोणासाठी पडद्यावर दिसणारे कोष्टक. त्यासाठी आपण नियम लिहितो. प्रत्येक नियमाला ‘साचा’ म्हणू. एक साचा म्हणतो, ‘बाजार दिसला तर वर मथळा लिही आणि त्याच्या पोटातील सर्व ढिगांना त्यांचे त्यांचे साचे लाव.’ दुसरा म्हणतो, ‘ढीग दिसला तर कोष्टकाची एक ओळ तयार कर.’ बस्स. ‘पहिल्या ढिगाकडे जा, तो संपला की दुसऱ्याकडे जा’ असे कोठेही सांगितलेले नसते. काय दिसले तर काय लिहायचे, एवढेच सांगितलेले असते.

येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. ढिगाचा साचा आधी लिहिला आणि बाजाराचा नंतर, किंवा उलट केले, तरी निकालात फरक पडत नाही. कारण कोणता साचा लागू व्हायचा, हे झाडातील खुणेवरून ठरते. साचा कितव्या ओळीवर आहे यावरून नाही.

बेरीज शून्यच का राहिली?

आता डब्यांची सवय झालेला एखादा विद्यार्थी ही भाषा हाती घेतो, तेव्हा काय होते ते पाहा. समजा, चार ढीग आहेत. भाव सोयीसाठी घेतलेले आहेत.

पहिला ढीग: ५ क्विंटल, भाव १२,००० रुपये, रक्कम ६०,०००.
दुसरा ढीग: ८ क्विंटल, भाव १३,००० रुपये, रक्कम १,०४,०००.
तिसरा ढीग: ३ क्विंटल, भाव ११,००० रुपये, रक्कम ३३,०००.
चौथा ढीग: ४ क्विंटल, भाव १२,५०० रुपये, रक्कम ५०,०००.

एकूण रक्कम २,४७,००० रुपये. पोरगा हुशार. तो ‘बेरीज’ नावाचा चल घेतो, त्यात शून्य ठेवतो, आणि ‘प्रत्येक ढिगासाठी’ अशा अर्थाची जी ‘फॉर-ईच’ आज्ञा आहे तिच्या पोटात ‘बेरीज’मध्ये रक्कम मिळवू पाहतो. पण भाषा त्याला तसे करू देत नाही! या भाषेत चलाला एकदा किंमत दिली की ती बदलण्याची सोयच नाही. फार तर आत त्याच नावाचा नवा चल तयार करता येतो, आणि काही ठिकाणी तेवढीही परवानगी नसते. हा आतला चल त्या एका ढिगापुरता जगतो आणि ढीग संपताच नाहीसा होतो. बाहेरची ‘बेरीज’ आहे तशीच राहते, शून्य! पट्टीवर चार ढिगांच्या रकमा नीट छापल्या जातात आणि तळाला एकूण: शून्य रुपये.

विचार करा, अशी पट्टी कोणा शेतकऱ्याच्या हाती पडली तर काय होईल? शून्य निदान डोळ्यांत भरते, चूक लगेच पकडली जाते. पण चुकीचीच, तरी खरी वाटावी अशी संख्या आली तर? वर्षभराच्या घामाचा हिशेब त्यावर अवलंबून असतो. म्हणून हे असे का घडते, हे समजून घेणे ही केवळ परीक्षेपुरती गोष्ट नाही.

‘भाषाच अपुरी आहे,’ असा निष्कर्ष तो विद्यार्थी काढील. पण तसे नाही. त्याने मनात एक गोष्ट गृहीत धरली होती: की चार ढीग एकामागून एक घेतले जातात. भाषेने तसे वचन कधी दिलेच नव्हते. ‘फॉर-ईच’ या शब्दांचा अर्थ ‘प्रत्येकासाठी’ असा आहे, ‘एकामागून एक’ असा नाही. चार ढिगांच्या चार ओळी तयार व्हायला हव्यात आणि निकालात त्या आपापल्या जागी बसायला हव्यात, एवढेच वचन आहे. चौथी ओळ आधी तयार केली, किंवा चारही एकदम केल्या, तरी संगणकाने वचन मोडले असे होत नाही.

तीन निरनिराळे क्रम

गोंधळ टाळायचा असेल, तर तीन क्रम मनात वेगळे ठेवावे लागतील. पहिला, नियम लिहिण्याचा क्रम. दुसरा, काम प्रत्यक्ष घडण्याचा क्रम. तिसरा, निकाल मांडला जाण्याचा क्रम.

यातील दुसरा आणि तिसरा किती भिन्न असू शकतात, याचे सुंदर उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात आहे. सातारा जिल्ह्यातील वाई येथे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली मराठी विश्वकोशाचे काम झाले. त्याचा पहिला खंड १९७६ साली प्रसिद्ध झाला. नोंदी लिहिणारे लेखक अनेक. कोणी पदार्थविज्ञानाचे, कोणी इतिहासाचे. प्रत्येक जण आपापल्या टेबलापाशी आपापली नोंद लिहीत होता. कोणाची नोंद आधी पुरी झाली आणि कोणाची नंतर, हे छापील खंड पाहून तुम्हाला सांगता येईल काय? नाही. कारण खंडात नोंदी वर्णक्रमाने बसतात. घडण्याचा क्रम कसाही असो, मांडणीचा क्रम ठरलेला.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजात १९४८ साली सुरू झालेल्या संस्कृत महाकोशाचेही तसेच. सुमारे दीड हजार ग्रंथ वाचून विद्वानांनी सुमारे एक कोटी चिठ्ठ्या तयार केल्या. चिठ्ठी कोणत्या दिवशी लिहिली याला महत्त्व नाही. ती कोणत्या शब्दाच्या खणात जाते, याला आहे.

एक्सएसएलटीतही हेच चालते. ढीग भावाच्या चढत्या क्रमाने लावा, असे सांगितले आणि प्रत्येक ओळीला अनुक्रमांक मागितला, तर ११,००० रुपये भावाच्या तिसऱ्या ढिगाला १ हा क्रमांक मिळतो. हा क्रमांक ‘किती ढीग करून झाले’ याची मोजणी नव्हे. रांगेतील जागा कितवी, याचे ते उत्तर आहे. नाट्यगृहातील खुर्चीचा क्रमांक आणि प्रेक्षक येण्याचा क्रम यांत जो फरक, तोच येथे.

नियम लिहिण्याच्या क्रमाला मात्र एके ठिकाणी अर्थ आहे. एकाच ढिगाला दोन साचे सारख्याच हक्काने लागू पडले तर? अशा वेळी प्रथम साच्यांचे अग्रमान पाहतात. तेही सारखे निघाले, तर बहुधा जो साचा शेवटी लिहिला असेल तो घेतला जातो. आपल्याकडच्या संस्कृत शिक्षकांना हे ऐकून आश्चर्य वाटणार नाही. पाणिनीच्या अष्टाध्यायीतही दोन तुल्यबल नियमांचा झगडा कसा मिटवावा, याचा नियम आहे. आणि जो नियम ग्रंथात नंतर येतो तो बलवान, असा त्याचा परंपरागत अर्थ आहे. केंब्रिज विद्यापीठातील ऋषी राजपोपट यांच्या २०२२ साली गाजलेल्या प्रबंधात याचा वेगळा अर्थ सुचवला आहे. ‘नंतरचा’ म्हणजे ग्रंथात नंतरचा नव्हे, तर शब्दाच्या उजव्या भागाला लागू होणारा, असे ते म्हणतात. यावर विद्वानांत वाद आहे. आपल्याला त्यातून घ्यायचे ते एवढेच: नियमांनी काम चालवायचे म्हटले, की ‘कोणता नियम आधी’ हा प्रश्न अडीच हजार वर्षांपूर्वीही सुटत नव्हता आणि आजही सुटत नाही.

मग बेरीज करायची कशी?

पहिला मार्ग अगदी सरळ आहे. ‘कशी करायची’ ते सांगू नका, ‘काय हवे’ ते सांगा. ‘सर्व ढिगांच्या रकमांची बेरीज’ असे म्हणा. त्यासाठी भाषेत तयार फलन आहे. उत्तर २,४७,००० मिळते. डबा नको, पुसणे नको.

पण प्रत्येक ओळीपुढे ‘येथवरची बेरीज’ हवी असेल तर? म्हणजे ६०,०००, मग १,६४,०००, मग १,९७,००० आणि शेवटी २,४७,०००. येथेही व्याख्येने विचार करा. तिसऱ्या ओळीपुढची बेरीज म्हणजे काय? ‘हा ढीग आणि याच्या आधीचे सर्व भाऊबंद यांच्या रकमांची बेरीज.’ ही व्याख्या तिसऱ्या ओळीला स्वतंत्रपणे लावता येते, दुसरी ओळ झाली असो वा नसो. उत्तर बरोबर येते. मात्र कष्ट वाढतात. साध्या रीतीने केले, तर चार ढिगांसाठी १ + २ + ३ + ४ म्हणजे १० वेळा रकमा वाचाव्या लागतील. हजार ढीग असतील, तर सूत्राने काढून पाहा: ५,००,५०० वेळा!

म्हणून दुसरा मार्ग आहे, पुनरावर्तनाचा. साचा स्वतःलाच पुन्हा बोलावतो आणि बोलावताना हातात एक चिठ्ठी देतो: ‘आतापर्यंतची बेरीज इतकी.’ पहिल्या ढिगाच्या साच्याला चिठ्ठी मिळते शून्याची. तो आपली रक्कम मिळवून ६०,००० ची नवी चिठ्ठी लिहितो आणि पुढच्याला देतो. जुनी चिठ्ठी कोणी खोडत नाही. प्रत्येकाची चिठ्ठी त्याच्यापाशी जशीच्या तशी राहते. २०१७ च्या आवृत्तीत याच कामासाठी ‘इटरेट’ नावाची वेगळी सोय दिली आहे, आणि तिच्यात मात्र ढीग एकामागून एक घेतले जातात, असे वचन आहे.

आता हळदीकडे पुन्हा पाहा. चिठ्ठीच्या मार्गात तिसऱ्या ढिगाला दुसऱ्याची वाट का पाहावी लागते? कोणी आज्ञा केली म्हणून नव्हे. दुसऱ्याची चिठ्ठी मिळाल्याशिवाय तिसऱ्याला लिहायला काही नाहीच, म्हणून. शिजल्याशिवाय वाळवता येत नाही, तसाच हा गरजेचा क्रम. सवयीचा क्रम गळून गेला आणि गरजेचा तेवढा उरला. फलनांवर आधारलेल्या भाषांचे सारे रहस्य या एका वाक्यात आहे.

पदार्थविज्ञानात हे नवे नाही

तुमच्या प्रयोगशाळेतील साधे मंडल घ्या. १२ व्होल्टची बॅटरी, आणि एकसरीत जोडलेले ४ ओहम व २ ओहमचे दोन रोध. ओहमच्या व किर्खोफच्या नियमांनी प्रवाह येतो २ अँपिअर. रोधांवरील विभवांतरे ८ व्होल्ट आणि ४ व्होल्ट. आता सांगा, ओहमचा नियम आधी लागू झाला की किर्खोफचा? प्रश्नच चुकीचा आहे. निसर्गात दोन्ही एकाच वेळी खरे असतात. वहीत तुम्ही एक समीकरण वर लिहिता आणि दुसरे खाली, कारण कागदावर दोन्ही एकाच जागी लिहिता येत नाहीत. तो क्रम तुमच्या पेन्सिलीचा आहे, विजेचा नव्हे.

एक्सएसएलटीतील साचे हे अशा समीकरणांसारखे आहेत. ‘या खुणेचे रूपांतर म्हणजे हे’ असे ते सांगतात. ते ‘कधी’ खरे, असे विचारायचे नसते.

स्वातंत्र्याचा लाभ

क्रमाचे बंधन काढले तर मिळते काय? पहिला लाभ, अनेक हातांनी काम. संगणकात अनेक प्रक्रियक असतील, तर एकाला पहिले शंभर ढीग, दुसऱ्याला पुढचे शंभर, अशी वाटणी करता येते. कोणी कोणाचा डबा पुसण्याची भीती नाही, कारण पुसण्यासारखा डबाच नाही. ‘सॅक्सन’ या प्रसिद्ध एक्सएसएलटी प्रणालीच्या एका आवृत्तीत फॉर-ईचचे काम असे अनेक धाग्यांत वाटून देण्याची सोय आहे. हेच तत्त्व फार मोठ्या प्रमाणावर वापरून गूगलमधील जेफ्री डीन आणि संजय घेमावत यांनी हजारो यंत्रांवर काम वाटण्याची पद्धत २००४ साली प्रसिद्ध केली.

एकाच कामासाठी अनेक प्रक्रियक जुंपण्याची कल्पना महाराष्ट्राला परकी नाही. पुण्याच्या सी-डॅक या संस्थेने १९९१ साली ‘परम ८०००’ हा महासंगणक तयार केला, तो याच कल्पनेवर. त्या प्रकल्पाचे नेतृत्व करणारे डॉ. विजय भटकर हे अकोला जिल्ह्यातील मुरंबा गावचे. अशा यंत्रापुढचा खरा प्रश्न नेहमी एकच असतो: या कामातील कोणता भाग दुसऱ्यावर अवलंबून आहे आणि कोणता नाही?

दुसरा लाभ, नको असलेले काम टाळता येते. एखाद्या चलाची व्याख्या लिहिली पण त्याचा उपयोग कोठेच झाला नाही, तर प्रणाली ती किंमत काढण्याच्या फंदात पडतच नाही. यातूनच नवशिक्यांची आणखी एक फजिती होते. कार्यक्रम कोठवर आला हे पाहण्यासाठी ते अधूनमधून संदेश छापायला सांगतात. काही संदेश उलटसुलट क्रमाने येतात, तर काही येतच नाहीत. यंत्र बिघडलेले नसते. ज्या क्रमाचे वचन नव्हते, तो क्रम आपण शोधत असतो.

अर्थात या स्वातंत्र्यालाही मर्यादा आहे. बेरजेचा क्रम बदलला तरी उत्तर तेच, हा नियम पूर्णांकांना लागू आहे. पण संगणक दशांश संख्यांचे ठरावीकच अंक ठेवतो. समजा, एक यंत्र फक्त तीन सार्थ अंक ठेवते. त्यात १००० मध्ये ४ मिळवले तर १००४ होतात, पण यंत्र ठेवील १०००. असे तीनदा केले तरी १०००च. उलट आधी ४ + ४ + ४ म्हणजे १२ केले आणि मग १००० मध्ये मिळवले, तर १०१२, म्हणजे यंत्राच्या लेखी १०१०. क्रम बदलला आणि उत्तर बदलले! म्हणून पैशांचा हिशेब शक्यतो पैशांच्या पूर्णांकात करावा.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. २०२५ साली गूगलने आपल्या क्रोम या न्याहाळकातून एक्सएसएलटीची सोय काढून टाकण्याचा बेत जाहीर केला. न्याहाळकांतील तिची अंमलबजावणी जुनी झाली असून सुरक्षिततेला धोका आहे, हे त्याचे कारण दिले गेले. भाषा येतात आणि मागे पडतात. पण तिने शिकवलेली विचाराची रीत दुसऱ्या कोणत्याही भाषेत कामी येईल.

वर्गात करून पाहा

या प्रयोगाला संगणक लागत नाही. शिक्षकांनी आठ विद्यार्थ्यांना आठ चिठ्ठ्या द्याव्यात. प्रत्येकीवर क्रमांक, वजन आणि भाव.

पहिला खेळ: सर्वांनी एकदम आपापली रक्कम काढून चिठ्ठी फळ्यावर आपल्या क्रमांकाच्या जागी लावायची. कोण आधी लावतो ते पाहा. फळ्यावरची यादी मात्र दर वेळी तीच येईल.

दुसरा खेळ: आता येथवरची बेरीज हवी. पहिल्याने दुसऱ्याच्या कानात आपली बेरीज सांगायची, दुसऱ्याने तिसऱ्याच्या. घड्याळ लावा. सात जण एकाची वाट पाहत बसले आहेत, हे सर्वांना दिसेल.

तिसरा खेळ: फक्त एकूण बेरीज हवी. दोघादोघांनी आपल्या रकमा मिळवा, म्हणजे चार संख्या उरतील. मग दोन, मग एक. बेरजा सातच झाल्या, पण फेऱ्या तीनच लागल्या. १०२४ जण असते, तर बेरजा १०२३ आणि फेऱ्या फक्त १०.

आता वहीत उत्तरे लिहा: आठवड्याचे वेळापत्रक बनवणे, भाकरी करणे, शाळेचे निकालपत्रक तयार करणे. या कामांतील कोणता क्रम गरजेचा आणि कोणता सवयीचा? प्रत्येक दोन कामांमध्ये बाण काढा: ज्याचे फळ दुसऱ्याला लागते, त्याच्याकडून दुसऱ्याकडे. ज्यांच्यामध्ये बाण नाही, त्यांना एकमेकांसाठी थांबण्याचे कारण नाही.